खाकरणे : लक्षण, नोंद आणि नाव

कोलकाता शहराच्या मध्यभागी, जिथे चौरंगीचा हमरस्ता आणि मैदान एकमेकांना भेटतात, त्या भागाला एस्प्लनेड म्हणतात. जुने रहिवासी त्याला धर्मतला या नावानेही ओळखतात. १९०२ मध्ये शहरातील विजेवर चालणारी पहिली ट्राम इथूनच खिदिरपूरकडे निघाली आणि २४ ऑक्टोबर १९८४ रोजी भारतातील पहिली भुयारी रेल्वे इथूनच भवानीपूरकडे धावली. वाहनांचा धूर, रस्त्याची धूळ आणि माणसांचा अखंड ओघ यांच्यामध्ये इथे शेकडो लोक केवळ आवाजाच्या बळावर पोट भरतात. फेरीवाला मालाचा भाव ओरडून सांगतो. बसवाहक थांब्यांची नावे दिवसभर घोषवीत राहतो. या कोलाहलात कान देऊन उभ्या राहिलेल्या माणसाला आणखी एक ध्वनी सतत ऐकू येतो. तो कुणाच्या ध्यानीमनी नसतो, आणि करणाऱ्यालाही बहुधा ठाऊक नसतो. तो ध्वनी म्हणजे घसा खाकरण्याचा.

श्रोतेहो, खाकरणे हा मुळात रोग नव्हे. वडीलधारे गृहस्थ घरात शिरण्यापूर्वी उंबऱ्याबाहेर खाकरत, तेव्हा आतल्या मंडळींना वर्दी मिळे. कीर्तनकार निरूपणास उभा राहिला की आधी घसा साफ करतो, आणि श्रोते सावरून बसतात. परंतु हीच क्रिया कामाशिवाय, दिवसाकाठी शेकडो वेळा, महिनोन् महिने घडू लागली म्हणजे तिला लक्षणाचे स्वरूप येते. असा माणस वैद्यकाकडे येतो तेव्हा तीन कामे उभी राहतात: कारण शोधणे, जे आढळले ते लिहून ठेवणे, आणि त्या लिखिताला वर्गीकरणातील एक संकेतांक देणे. ही तिन्ही कामे क्षुल्लक वाटतात. ती तशी नाहीत, हे दाखविणारा एक प्रसंग याच शहरात घडून गेला आहे.

१८८५ च्या उन्हाळ्यात दक्षिणेश्वर येथे श्रीरामकृष्ण परमहंसांचा घसा दुखू लागला. ते दिवसाचे कित्येक तास भक्तांशी बोलत, गात. त्या काळच्या पाश्चात्त्य वैद्यकात अशा दुखण्यासाठी एक तयार नाव होते. पाद्री, शिक्षक, वक्ते अशा सतत बोलणाऱ्यांच्या दीर्घकालीन घसादुखीला ‘पाद्र्यांचा घसा’ म्हणत. परमहंसांच्या दुखण्यालाही प्रथम तेच नाव मिळाले आणि कमी बोलण्याचा सल्ला देण्यात आला. जूनमध्ये पानिहाटीच्या उत्सवानंतर दुखणे वाढले. पुढे त्यांना उपचारांसाठी कोलकात्यात आणण्यात आले. तेव्हा नामांकित कविराजांनी ‘रोहिणी’ हे आयुर्वेदातील नाव उच्चारले, ज्याचा अर्थ असाध्य असा होता. ऑक्टोबरपासून श्यामपुकुर येथील घरी डॉक्टर महेंद्रलाल सरकार त्यांच्यावर उपचार करू लागले. कलकत्ता मेडिकल कॉलेजची उच्च पदवी घेऊन पुढे होमिओपॅथीकडे वळलेले आणि १८७६ मध्ये विज्ञानाच्या अभ्यासासाठी संस्था स्थापणारे हे गृहस्थ मोठे चिकित्सक बुद्धीचे होते. रोग कर्करोग होता. १६ ऑगस्ट १८८६ रोजी काशीपूरच्या उद्यानगृहात परमहंसांचे देहावसान झाले.

एकाच घशाला दीड वर्षाच्या आत तीन नावे मिळाली. यात कोणा वैद्याला दोष देण्याचे प्रयोजन नाही. पहिल्याच दिवशी खरे नाव कळले असते तरी त्या काळी हाती असलेल्या साधनांनी फारसे काही साधले नसते. तथापि एक गोष्ट ध्यानात घेण्याजोगी आहे. पहिले नाव रोग्याच्या घशावरून नव्हे, तर त्याच्या व्यवसायावरून आले. जो खूप बोलतो, त्याचा घसा बोलण्यामुळेच बिघडला असणार, असा तो तर्क होता. तर्क वाजवी होता. दहापैकी बहुतेक वेळा तो खराही ठरला असता. परंतु नाव एकदा कागदावर उतरले की ते उत्तराचा वेष धारण करते, आणि पुढचा प्रश्न विचारण्याची निकड मंदावते. आज रोगी बदलले, औषधे बदलली. हा धोका मात्र जसाच्या तसा उरला आहे.

खाकरताना घशात नेमके काय घडते, हे प्रथम पाहिले पाहिजे. स्वरयंत्रात दोन स्वरतंतू असतात. खाकरताना ते घट्ट मिटतात, त्यांच्याखाली फुप्फुसातील हवेचा दाब वाढतो, आणि मग ती हवा त्यांना घासत, थरथरवत बाहेर पडते. तिच्याबरोबर चिकटलेला कफ सुटावा, हा हेतू असतो. क्रिया एकदोनदा झाली तर हेतू साधतो. परंतु वारंवार घासले गेलेले आवरण लाल होते, किंचित सुजते. सुजलेल्या जागी काहीतरी अडकल्याचा भास होतो आणि तिच्या रक्षणार्थ अधिक स्राव झिरपतो. तो भास घालविण्यासाठी मनुष्य पुन्हा खाकरतो. अशा प्रकारे खाकरणे हेच खाकरण्याचे कारण होऊन बसते. मूळ सर्दी पंधरा दिवसांत गेलेली असते. मागे राहिलेले चक्र वर्षभर फिरत राहते.

हे चक्र सुरू करणारी कारणे अनेक आहेत. नाकाच्या जुनाट दाहामुळे स्राव मागल्या बाजूने घशात उतरतो. जठरातील आम्ल अन्ननलिकेतून वर येऊन स्वरयंत्राला स्पर्श करते. तंबाखू, विडी, गुटखा आणि धूर यांनी घसा सुकतो. आवाजाचा अतिवापर आणि चुकीचा वापर हेही एक कारण होय. रक्तदाबासाठी सर्रास दिल्या जाणाऱ्या औषधांपैकी एनालाप्रिलसारख्या औषधांच्या वर्गाने कित्येकांना कोरडा खोकला व घशात खवखव होते. औषध थांबविल्यावर ती बहुधा एक ते चार आठवड्यांत निवते, क्वचित तीन महिनेही रेंगाळते. लहान मुलांत खाकरणे ही अनैच्छिक लकब असू शकते, ज्याला वैद्यकात टिक म्हणतात. काही रोग्यांत घशातील संवेदनाच अतितीव्र झालेली असते, आणि क्वचित प्रसंगी या साध्या लक्षणाच्या आड अर्बुद दडलेले असते.

निदानाचे पहिले साधन प्रश्न हे आहे. त्रास कधी सुरू झाला? त्या सुमारास कोणते नवे औषध सुरू झाले? जेवणानंतर वाढतो, की आडवे झाल्यावर? झोपेत थांबतो का? लकब आणि सवय झोपेत प्रायः थांबतात. आवाज बदलला आहे का? व्यवसाय कोणता? तंबाखू किती वर्षे? याखेरीज काही प्रश्न असे आहेत की ते न विचारणे अक्षम्य ठरावे: घास गिळताना अडतो का, थुंकीत रक्त दिसले का, मानेत गाठ लागते का, एकाच कानात ठणका मारतो का, वजन उतरले का? यांपैकी एकाचेही उत्तर होकारार्थी आले तर तर्क बाजूला ठेवून घसा प्रत्यक्ष पाहिला पाहिजे.

तो पाहता येतो, याचे श्रेय एका गायनशिक्षकाकडे जाते. मानुएल गार्सिया यांनी १८५४ मध्ये पॅरिस येथे लहानसा आरसा आणि सूर्यप्रकाश यांच्या साहाय्याने स्वतःचे स्वरयंत्र पाहिले, आणि पुढल्या वर्षी ते निरीक्षण लंडनच्या रॉयल सोसायटीपुढे मांडले. आज त्या आरशाची जागा नाकावाटे सरकविल्या जाणाऱ्या लवचीक दुर्बिणीने घेतली आहे. अमेरिकेतील कान-नाक-घसा तज्ज्ञांच्या २०१८ च्या मार्गदर्शक सूचनांनी असे सांगितले आहे की घोगरेपणा चार आठवड्यांत ओसरला नाही, किंवा गंभीर कारणाचा संशय असला, तर स्वरयंत्र पाहावे. त्याआधीच्या, २००९ च्या सूचनांत ही मर्यादा तीन महिन्यांची होती. मर्यादा आखडत आली, याचा अर्थ वाट पाहण्याची किंमत लोकांना कळू लागली.

परंतु पाहणेही फसवू शकते. गेल्या काही दशकांत ‘पाद्र्यांचा घसा’ हे नाव मागे पडले आणि त्याच्या जागी ‘आम्लाचा घसा’ हे नवे नाव रूढ झाले. स्वरयंत्राचा मागचा भाग लालसर दिसला की दोष आम्लाचा, असे समीकरण बनले. २००२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका प्रश्नावलीत नऊ लक्षणांना शून्य ते पाच गुण द्यायचे असतात. त्यांतले दुसरे लक्षण खाकरणे हे आहे, आणि बेरीज तेरापेक्षा अधिक झाली तर आम्लाचा संशय घ्यावा, असे ती सांगते. प्रश्नावली उपयुक्त आहे. रोग्याची तक्रार आकड्यात धरता येते आणि पुढल्या भेटीत ताडून पाहता येते. मात्र लालसरपणा निरोगी माणसांतही दिसतो, आणि नऊपैकी बहुतेक लक्षणे इतर कारणांनीही होतात. २०२१ मध्ये ब्रिटनमधील ३४६ रोग्यांच्या चाचणीचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. घशाची जुनी तक्रार असलेल्या या लोकांपैकी काहींना सोळा आठवडे आम्ल दाबणारे लॅन्सोप्राझोल दिले गेले आणि उरलेल्यांना तशीच दिसणारी निर्गुण गोळी. दोन्ही गटांना सारखेच बरे वाटले. नव्या नावानेही जुन्या नावासारखेच पुढच्या प्रश्नाचे तोंड बंद केले होते, असा याचा अर्थ निघतो.

येथून नोंदीचा विषय सुरू होतो. एस्प्लनेडच्या थांब्यावर वीस वर्षे घोषणा करणारा एखादा बसवाहक दवाखान्यात आला आहे, अशी कल्पना करावी. त्याच्या चिठ्ठीवर ‘घशाचा जुना दाह, आम्लनाशक गोळ्या, एक महिना’ एवढेच लिहिले गेले, तर पुढच्या वैद्याच्या हाती काय लागते? तक्रार काय होती, किती दिवसांची होती, घसा पाहिला होता की नाही, औषधे कोणती चालू होती, यांतले काहीच नाही. तो वैद्यही मग त्याच गोळ्या लिहून देतो. याउलट दुसरी चिठ्ठी अशी असू शकते: ‘पाच महिन्यांपासून खाकरणे, दिवसा सतत, झोपेत नाही. जेवणाशी संबंध नाही. सहा महिन्यांपूर्वी रक्तदाबासाठी एनालाप्रिल सुरू. विडी पंधरा वर्षे. गिळण्यास त्रास नाही, रक्त नाही, मानेत गाठ नाही. आवाज तीन आठवड्यांपासून घोगरा. स्वरयंत्र अद्याप पाहिलेले नाही. कारण अनिश्चित: औषध, धूम्रपान, आवाजाचा अतिवापर यांचा विचार. औषध बदलण्याबाबत सल्ला. आठवड्याच्या आत स्वरयंत्र तपासणी. चार आठवड्यांनी पुन्हा.’ दुसरी चिठ्ठी लिहायला दोन मिनिटे अधिक लागतील. तिच्यातले सर्वांत मोलाचे शब्द दोन आहेत: ‘अद्याप पाहिलेले नाही’ आणि ‘अनिश्चित’.

लॉरेन्स वीड या अमेरिकन वैद्याने १९६८ मध्ये वैद्यकीय नोंदींवर एक लेख लिहून असे प्रतिपादले की नोंद ही रोग्याच्या समस्यांच्या यादीभोवती रचावी. रोगी काय सांगतो, तपासणीत काय आढळते, त्यावरून वैद्याचा अंदाज काय आणि पुढील बेत काय, हे चार भाग वेगवेगळे लिहावेत. या रचनेचे मर्म असे की रोग्याचे शब्द आणि वैद्याचा अंदाज एकमेकांत मिसळत नाहीत. अंदाज चुकला तरी मूळ शब्द शिल्लक राहतात, आणि त्यांवरून दुसरा अंदाज बांधता येतो.

भारतात या नोंदीचे आणखी एक वैशिष्ट्य आहे. वैद्यकीय परिषदेच्या २००२ च्या नियमांनुसार रुग्णालयात दाखल झालेल्या रोग्याची कागदपत्रे तीन वर्षे जपावी लागतात आणि मागितल्यास ७२ तासांत द्यावी लागतात. पण खाकरणारा रोगी दाखल होत नाही. तो बाह्यरुग्ण विभागातून चिठ्ठी घेऊन घरी जातो. त्याची नोंद त्याच्याच पिशवीत, घडी घातलेल्या कागदावर असते. म्हणून ती चिठ्ठी वाचता येण्याजोगी आणि स्वयंपूर्ण असणे हे इथे सौजन्य नसून उपचाराचाच भाग आहे. रोग्यानेही ती फेकू नये.

आता संकेतांकाविषयी. रोगांना सर्वत्र एकच नाव असावे, हा विचार एकोणिसाव्या शतकातला आहे. इंग्लंडच्या मृत्युनोंदीचे काम पाहणारे विल्यम फार यांनी १८३९ पासून रोगनामांच्या शिस्तीचा आग्रह धरला. १८९३ मध्ये शिकागो येथे झाक बेर्तियों यांची मृत्युकारणांची यादी आंतरराष्ट्रीय संख्याशास्त्रीय संस्थेने स्वीकारली. १९४८ मध्ये तिची सहावी आवृत्ती नव्या जागतिक आरोग्य संघटनेकडे आली, आणि तिच्यात मृत्यूबरोबर आजारांचाही समावेश झाला. दहावी आवृत्ती १९९० मध्ये मान्य झाली. अकरावी १ जानेवारी २०२२ पासून लागू झाली. अकराव्या आवृत्तीस जोडून १० जानेवारी २०२४ रोजी आयुर्वेद, सिद्ध आणि युनानी यांतील रोगसंज्ञांचाही एक भाग प्रसिद्ध करण्यात आला. ज्या शहरात १८८५ मध्ये एकाच घशाला इंग्रजी आणि संस्कृत अशी दोन नावे मिळाली, तिथल्या वाचकाला या घटनेचे महत्त्व वेगळे सांगायला नको.

दहाव्या आवृत्तीत खाकरण्याला स्वतःचे घर नाही. खोकल्याला आहे: आर ०५. घोगरेपणाला आहे: आर ४९.०. घसादुखीला आहे: आर ०७.०. खाकरणे मात्र प्रायः आर ०९.८ या, ‘रक्ताभिसरण व श्वसन यांसंबंधी इतर विशिष्ट लक्षणे’ अशा सदरात टाकले जाते. तिथे त्याच्या शेजारी क्षीण नाडी आणि छातीतील घरघर असे नातेसंबंध नसलेले सोबती बसलेले असतात. साहजिकच नोंदकाराला ते सदर अपुरे वाटते, आणि तो एखाद्या भारदस्त नावाकडे वळतो: आम्ल उलटण्याचे के २१, स्वरयंत्राच्या जुन्या दाहाचे जे ३७.०, घशाच्या जुन्या दाहाचे जे ३१.२. रोग सिद्ध झालेला असेल तर ही नावे योग्यच होत. सिद्ध नसेल तर ती निदानाचा केवळ आभास निर्माण करतात.

या ठिकाणी वर्गीकरण स्वतःच मोठे शहाणे आहे, हे पुष्कळांना ठाऊक नसते. लक्षणांसाठी त्यात एक अखखे प्रकरण राखून ठेवले आहे, ते यासाठी की अधिक नेमके निदान हाती नसेल तेव्हा लक्षणच लिहावे. अमेरिकेतील बाह्यरुग्ण नोंदींचे नियम तर स्पष्ट बजावतात की ‘संभाव्य’ किंवा ‘संशयित’ रोग सिद्ध असल्याप्रमाणे नोंदवू नये, लक्षण नोंदवावे. म्हणजे ‘अजून कळलेले नाही’ असे म्हणण्यासाठीसुद्धा संकेतांक आहे, आणि तो वापरणे हे अज्ञानाचे लक्षण नव्हे.

नोंद नेमकी असली तर संकेतांकही नेमका होतो, याची दोन उदाहरणे पुरेशी आहेत. औषधामुळे खोकला असेल तर आर ०५ च्या जोडीला वाय ५२.४ हा त्या औषधवर्गाच्या दुष्परिणामाचा अंक द्यावा लागतो. चिठ्ठीत औषधाचे नावच नसेल तर हे घडणार कसे? मुलाच्या लकबीचे तसेच. ती बारा महिन्यांच्या आत ओसरली तर एफ ९५.०, त्याहून अधिक टिकली तर एफ ९५.१. सुरुवातीची तारीख लिहिलेली नसेल तर दोहोंमधला फरक कोणाही संकेतकाराला ठरविता येणार नाही. संकेतांक हा नोंदीचा सारांश आहे. जे नोंदीत नाही ते सारांशात आणता येत नाही.

उपचाराचा मार्गही याच क्रमाने सोपा होतो. कारण सापडले तर त्यावर उपाय करावा. गंभीर काही नाही अशी खात्री झाली आणि केवळ चक्र उरले, तर ते तोडण्याचे साधे उपाय आहेत: खाकरावेसे वाटले की घोटभर पाणी पिणे, नुसताच आवंढा गिळणे, किंवा आवाज न करता हवा हलकेच सोडणे. वाचा-उपचारतज्ज्ञ ही सवय शिकवितात. श्रवण व वाचादोषांसाठी मुंबईत १९८३ मध्ये स्थापन झालेल्या अली यावर जंग राष्ट्रीय संस्थेचे पूर्वेकडील केंद्र कोलकात्यातच, बनहुगळी येथे आहे. आवाजावर जगणाऱ्याला घसा शेकण्याच्या सल्ल्यापेक्षा आवाज कसा वापरावा हे शिकणे अधिक फलदायी ठरते.

परमहंसांच्या शेवटच्या काळातले संभाषण त्यांचे शिष्य महेंद्रनाथ गुप्त दैनंदिनीत तिथीवार टिपून ठेवत होते. त्यातूनच पुढे ‘कथामृत’ सिद्ध झाले. त्या पानांत गुरूच्या उपदेशाबरोबर घशाची अवस्थाही येते: आज वेदना किती, बोलणे झाले की नाही, अन्न गेले की नाही. लिहिणारा वैद्य नव्हता. तो शाळेत शिकवीत असे. रोगाला नाव देण्याचा त्याने प्रयत्न केला नाही. जे दिसले आणि ऐकू आले, ते तारखेसह लिहिले. वैद्यांनी दिलेली नावे एकामागून एक बदलत गेली. त्या नोंदी मात्र सव्वाशेहून अधिक वर्षांनंतरही खऱ्या उरल्या आहेत.

एस्प्लनेडच्या गर्दीत खाकरणाऱ्या माणसाला वैद्यकाने देण्याजोगी पहिली गोष्ट हीच होय. त्याचे ऐकावे, त्याचा घसा पाहावा, आणि जे समजले नाही ते समजले नाही असेच लिहावे. नाव देण्याची घाई नसावी, आणि दिलेले नाव पुन्हा तपासण्याची लाज नसावी.